नेल्सनची घंटा

“‘घंटानियंत्रक संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकस्मिक दोष उद्भवल्याने कै. नेल्सन डॉमनिक तुस्कानो यांची मृत्युघंटा होऊ शकली नाही. धर्मग्राम परिषद याबद्दल दिलगीर आहे.’”

क्रिस्टिनाने मोठ्याने वाचले, कागदाची घडी केली आणि ती वेदीमागच्या खोलीतल्या टेबलावर, इनास लोपीस यांच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवली. सूचनाफलकावरून उपटलेल्या चार टाचण्या अजून तिच्या मुठीतच होत्या. त्याही तिने घडीवर ओतल्या.

“वाक्य तुमचं आहे ना, अंकल?”

“परिषदेचं आहे.”

“परिषदेत ‘उद्भवल्याने’ लिहिणारे तुम्ही एकटेच.”

इनास लोपीस चर्चचा कारभार पाहणाऱ्या या परिषदेचे सचिव होते. सरकारी कचेरीत आयुष्य काढल्यामुळे त्यांना ही स्तुती आहे की टोमणा, हे पटकन ठरवता आले नाही. त्यांनी टाचण्या एकेक करून वेचल्या आणि डबीत टाकल्या.

वाक्याच्या बांधणीला नाव ठेवायला जागा नव्हती. दोष उद्भवला होता, घंटा होऊ शकली नव्हती. एवढ्या लांबलचक मजकुरात कुणीही काहीही केलेले नव्हते. माणसे फक्त शेवटी आली होती, तीही दिलगिरीपुरती. गावाने ते वाचले, मान हलवली आणि क्रिस्टिनाकडे पाहिले, कारण सॉफ्टवेअर तिचे होते. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की कालपर्यंत तिनेही त्यावर विश्वास ठेवला होता. आपल्याच हाताने बनवलेले यंत्र आपल्याच भावाच्या मरणाच्या दिवशी मुके झाले, हे तिने निमूटपणे मान्य केले होते; इतके, की तिने चूक शोधायलाही सुरुवात केली नव्हती. शोधली असती तर सापडली असती, अशी तिला भीती होती.

गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात ती यंत्रांचे नियंत्रक बनवी. तिचे पप्पा, डॉमनिक तुस्कानो, यांनी उभी हयात या देवळाच्या घंटेची दोरी ओढली होती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा गेल्या वर्षी तिने फादरांच्या सांगण्यावरून घंटेला विजेचा हातोडा बसवून दिला. त्याला दोन संगणक. मोठा या खोलीतल्या कपाटात होता, लिनक्सवर चालणारा, तोही तळहातावर मावेल एवढाच. त्याला वेळापत्रक कळे, फादरांच्या मोबाईलवरून आलेला आदेश कळे. वर मनोऱ्यात, घंटेच्या शेजारी, त्याला तारेने जोडलेला एक छोटा प्रोसेसर. त्याला हातोडा कळे. बाकीचे जग त्याच्या खिजगणतीत नव्हते. या दोघांमधली बोलणी करणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम क्रिस्टिनाने लिहिला, आणि तो लिनक्सच्या गाभ्यात न घालता बाहेर, साध्या प्रोग्रॅमांच्या वस्तीत ठेवला. तिच्या धंद्यात त्या वस्तीला यूजर-स्पेस म्हणतात. तिथला प्रोग्रॅम कोसळला तर एकटाच कोसळतो, सगळे घर घेऊन पडत नाही. छोट्याला जागे करायचे, त्याला काम सांगायचे, तो गप्प झाला तर पुन्हा उठवायचे आणि वेळ पडली तर त्याला गप्प धरून ठेवायचे, एवढीच त्या ड्रायव्हरची कर्तव्ये.

“आता बघा,” ती म्हणाली. तिने लॅपटॉप कपाटातल्या संगणकाला जोडला, दोन ओळी टंकल्या आणि ड्रायव्हर बंद केला. तो आपोआप पुन्हा उठणार नाही, याचाही बंदोबस्त केला. “हा तुमचा आकस्मिक दोष. घ्या, उद्भवला.”

“अगं पण बाराची घंटा व्हायची आहे! लोक काय म्हणतील?”

“तेच ऐकायला बसलोय.”

“तुझं म्हणजे ना. कॉलेजात होतीस तेव्हा आधीच्या फादरांशी असंच वाद घालायचीस. ते बिचारे बदली मागून गेले.”

“ते प्रिन्सिपल होऊन गेले, अंकल.”

“तेच ते.”

इनास अंकलांनी खिडकी उघडली. बाहेर वाडीत कुणीतरी केळीच्या घडाला टेकू देत होते. पंप चालू होता. मग वर, मनोऱ्यात, खटका पडल्यासारखा हलका आवाज झाला आणि पहिला टोला आला. तीन टोले, थांबा, तीन टोले, थांबा. इनास अंकल सवयीने उभे राहिले, त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावली आणि प्रार्थना संपल्यावर बसता बसता कपाटाकडे अविश्वासाने पाहिले.

“तू बंद केलं होतंस ना?”

“अजूनही बंदच आहे. रोजच्या तीन घंटा वरचा छोटा स्वतःच्या घड्याळावर करतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. मयताची तेवढी खालून सांगावी लागते.”

“मग तेच झालं की! खालचं पडलं, मयताची राहिली. मी लिहिलं त्यात चूक काय?”

“खालचं पडलं असतं तर मयताची राहिली असती, हे खरं. पण बाराची झाली असती. आत्ता झाली तशी. नेल्सन गेला त्या दिवशी बाराची झाली का?”

“एवढं आता कोण लक्षात ठेवतं?”

“थेरेसामावशी.”

थेरेसामावशी काल विहिरीजवळ भेटली होती. अळूच्या पानांच्या जुड्या टोपलीत रचत होती. गावात तिने न गाठलेली प्रेतयात्रा नव्हती. माणसाचे आणि तिचे पटत असो वा नसो, त्याच्या मातीला तिची मूठ पडायचीच. नेल्सनच्या मातीला मात्र ती नव्हती. क्रिस्टिना मान खाली घालून पुढे जाऊ लागली तेव्हा म्हातारीने तिचा हात धरला.

“आली असते गं बाय. मी कोनाला चुकवली? पन घंटाच नाय झाली, तं मी समजू कशी? पोरं म्हनतात मोबाईलवर आलेलं. मोबाईलवर तं रोज कोन ना कोन मरतो, न् संध्याकाळी तोच जेवतानाचा फोटो टाकतो.”

क्रिस्टिना टोपलीतल्या जुड्यांकडे पाहू लागली. म्हातारीला वाटले तिला आपले बोलणे पटलेले नाही.

“देवाशपथ. त्या दिवशी बाराचीबी नाय झाली. मी घंटेच्या भरवशावर भात गॅसवर ठेवून वाडीत. घंटा झाली का उतरवायचा, हे माझं रोजचं. कोळसा झाला भाताचा. म्हाताऱ्यानं दोन दिवस मला ऐकवली.”

त्या करपलेल्या भातापाशी क्रिस्टिनाची कबुली संपली होती आणि तिचा संताप सुरू झाला होता. तो चढत्या आवाजाचा संताप नव्हता. परीक्षकाने उत्तरपत्रिका हातात घ्यावी तसा तो थंड होता.

“बाराची झाली नाही,” ती इनास अंकलांना म्हणाली, “आणि संध्याकाळची झाली. खड्ड्यात माती लोटत होतो तेव्हा झाली, सगळ्यांनी ऐकली. यंत्र असं दुपारपुरतं बिघडत नाही. छोट्याला कुणीतरी गप्प धरून ठेवलं आणि काम झाल्यावर सोडून दिलं. ते करायची जागा एकच आहे.”

तिने कपाटाच्या बाजूला बोट केले. तिथे किल्लीने फिरवायचा एक खटका होता. हातोडा जड होता. वर कुणी ग्रीस लावायला चढले असताना तो उसळला तर माणसाच्या बोटांचा चुरा झाला असता. म्हणून नियम केला होता: चढणाऱ्याने आधी किल्ली फिरवायची. किल्ली फिरली की ड्रायव्हर छोट्या प्रोसेसरला जागच्या जागी धरून ठेवी. मग त्याला घड्याळ नाही, हातोडा नाही, बारा नाहीत. किल्ली परत फिरवेपर्यंत तो जणू जन्मलाच नव्हता.

या सगळ्यात क्रिस्टिनाचा स्वतःचा एक अपराध होता, आणि तो तिला काल विहिरीपासून घरी जाईपर्यंत उमगला होता. फादरांनी त्या सकाळी हॉस्पिटलातून मोबाईलवर मयताची घंटा दाबली तेव्हा त्यांना उत्तर आले होते: प्रतिसाद नाही. वरचा जळून गेला, तार तुटली किंवा कुणी त्याला धरून ठेवले, या तिन्हींसाठी तिने तेवढेच उत्तर लिहून ठेवले होते. मेलेला आणि गप्प केलेला, दोघांना एकच वाक्य. तेव्हा तिला ते पुरेसे वाटले होते. नोंदीही ती ठेवत नव्हती. मेमरी कार्ड झिजू नये म्हणून संगणक त्या पुसून टाकी.

“किल्ल्या दोन,” ती म्हणाली. “एक फादरांकडे.”

“फादर त्या दिवशी तुमच्याबरोबर हॉस्पिटलात होते. किल्ली त्यांच्या खिशात असते.”

“मला माहीत आहे.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“कारण तुम्हालाही माहीत आहे. नोटीस लिहिलीत तेव्हापासून.”

इनास अंकलांनी चष्मा काढला. चष्म्याविना ते एकदम म्हातारे आणि बरेच कमी सरकारी दिसले.

“दुसरी किल्ली डॉमनिककडे असते. मी त्याला बघितलं,” ते म्हणाले. “मनोऱ्यातून उतरून या कपाटाची किल्ली फिरवताना. इथे आत मिस्साची प्रार्थना संपत आलेली, पेटी वेदीपुढे, तू पहिल्या बाकावर. आणि पोराचा बाप मागच्या दाराने बाहेर पडतोय. आत आला नाही. सगळे पुढे गेल्यावर मागून सेमेटरीकडे गेला.” त्यांनी चष्मा पुसायला घेतला. “दोन वर्षं पोराशी बोलला नाही हे गावाला ठाऊक आहे. पोराने देवळात लग्न केलं नाही, कोर्टात केलं, मुलगी आपल्यातली नाही. ठीक आहे, राग असतो. फादरांनासुद्धा नव्हता एवढा राग त्याला होता. पण पोराची घंटा अडवली, हे मी फलकावर लिहू? त्या माणसाला उद्या बाजारात उभं राहायचंय. सॉफ्टवेअरला काय गं, त्याला कुठे तोंड दाखवायचं असतं? म्हणून त्याच्यावर घातलं.”

“सॉफ्टवेअर माझं होतं, अंकल.”

“तू शिकलेली. तू सहन करशील असं वाटलं.”

क्रिस्टिनाने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. पडद्यावर वरच्या छोट्याचा जिवंत असल्याचा निरोप आला, नियमित, न रागावलेला. तिने लॅपटॉप मिटला. दारापर्यंत जाऊन ती परत आली, टेबलावरची घडी उचलली आणि पर्समध्ये टाकली.

“नवीन नोटीस लावू का?” इनास अंकलांनी विचारले.

“काय लिहाल?”

त्यांनी टाचण्यांची डबी उघडली आणि पुन्हा बंद केली.

घरची वाट वाड्यांमधून जात होती. दोन्ही बाजूंना मोगऱ्याचे ताटवे आणि त्यांच्यामागे गेल्या काही वर्षांत उगवलेल्या इमारती, ज्यांना घंटेचा आवाज म्हणजे तक्रारीचा विषय होता. क्रिस्टिना सावकाश चालली. ती ज्या निष्कर्षाकडे इतक्या शिस्तीने आली होती, तो हातात आल्यावर त्याचे काय करायचे, हे तिने ठरवलेले नव्हते.

कारण त्या निष्कर्षाशी बांधलेले आणखी एक माणूस होते.

नेल्सन थोड्याच दिवसांच्या तापात गेला. गोखिवऱ्याच्या त्याच्या फ्लॅटखाली पावसाचे पाणी साचले होते, त्यातून तो कामावर जात येत राहिला. ताप आला, कावीळ दिसली, आणि डॉक्टरांनी रोगाचे नाव नीट सांगेपर्यंत मूत्रपिंडे थांबली होती. त्याची बायको संपदा त्या सगळ्या वेळात एकदाही रडली नव्हती. सेमेटरीच्या फाटकाशी मात्र तिने क्रिस्टिनाला हळूच विचारले होते, “घंटा कधी होणार, ताई? नेल्सन सांगायचा, तुमच्यात माणूस गेलं की घंटा होते, आणि लोक हातातलं काम टाकून येतात.” तिने मागे वळून पाहिले होते. मागे रस्ता होता. घरचे, फादर, नेल्सनच्या ऑफिसातली चार मुले आणि शेजारच्या वाडीतले दोघे, एवढाच समुदाय होता.

पप्पा शेवटी आले होते. पेटी खाली उतरत असताना ते फाटकातून लंगडत आले, कुणाकडे न पाहता वाकले आणि माती उचलली. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत ग्रीसने काळे होते. माती त्या हातांना चिकटून राहिली. ती खाली पडेना. क्रिस्टिनाला तेव्हा वाटले होते, मुलाला पुरायच्या दिवशी हा माणूस वाडीतला पंप खोलून बसला होता. तेवढ्यात संध्याकाळची घंटा झाली. माती पडल्यावर मयताची घंटा करायची नसते, असा रिवाज. त्यामुळे नेल्सनची ती कायमचीच राहिली.

दुसऱ्या दिवशी संपदाने फोनवर विचारले होते, “माझ्यामुळे ना?”

“नाही गं. मशीन बंद पडलं. माझं मशीन. माझी चूक.”

“म्हणजे मुद्दाम नाही ना कुणी थांबवली?”

“नाही.”

पलीकडून रडण्याचा आवाज आला होता. क्रिस्टिनाला तो ऐकून बरे वाटले होते. त्या एका ‘नाही’वर संपदा गेले पंधरा दिवस उभी होती, आणि क्रिस्टिनाने आज दुपारी, सगळ्या पुराव्यांनिशी, ते ‘नाही’ खोटे ठरवले होते. इनास अंकलांच्या त्या भिकार वाक्याने एका माणसाला तरी आसरा दिला होता. सत्याने अजून कुणालाच काही दिले नव्हते.

घराच्या अंगणात अनोळखी चपला होत्या.

ओट्यावर डॉमनिक बसले होते. पुढ्यात पालेभाजीचा ढीग, मांडीवर केळीच्या सोपटाचे ओले धागे. जुडी बांधायची, बाजूला ठेवायची, पुढची उचलायची. त्यांच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत संपदा बसली होती, कडेला टेकून, पाहुण्यासारखी. या घरात ती पहिल्यांदाच आली होती. तिच्या शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला भरलेला होता. पाणी कुणी आणून दिले, हा प्रश्नच नव्हता; घरात डॉमनिकशिवाय दुसरे कुणी नव्हते. तरीही क्रिस्टिना त्या पेल्याकडे पाहत राहिली.

“ताई, मी सांगलीला निघालेय, आई-बाबांकडे,” संपदा म्हणाली. “फ्लॅट सोडला. म्हटलं भेटून जावं.”

“कधी आलीस?”

“झाला थोडा वेळ.”

“पप्पा, काही बोललात की नाही तिच्याशी?”

“पानी दिलं,” डॉमनिक म्हणाले आणि जुडीला गाठ मारली.

संपदाने मांडीवरची कापडी पिशवी उघडली. “हे नेल्सनच्या उशाशी असायचं. मी विचारायचे, हे काय गळ्यात बांधून फिरायला ठेवलंय का, तर नुसता हसायचा. मला वाटलं, हे इथलं आहे. इथे असावं.”

तिने बाहेर काढला तो दोरीचा तुकडा होता. जाड, काळपट, माणसाच्या मुठींनी एका जागी गुळगुळीत झालेला. क्रिस्टिनाने तो ओळखला. हातोडा बसवला त्या दिवशी घंटेची जुनी दोरी उतरवली होती. संध्याकाळी नेल्सन देवळाच्या मागच्या बाजूला येऊन उभा राहिला. घरी यायची बंदी होती, देवळामागे नव्हती. “ताई, पप्पा जिथे धरायचे तेवढाच तुकडा कापून दे,” तो म्हणाला होता. लहानपणी तो पप्पांबरोबर मनोऱ्याखाली जायचा. पप्पा वरून दोरी धरायचे, तो खालचे टोक धरून टोले मोजायचा आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून करू या म्हणायचा. मयताची घंटा पुन्हा पहिल्यापासून करायची नसते, हे त्याला बरीच वर्षे कळले नव्हते.

डॉमनिकांनी हात पुढे केला. संपदाने दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांची मूठ न चाचपडता त्या गुळगुळीत जागेवर जाऊन बसली.

“बाबा,” संपदा म्हणाली. ही हाक तिने आधीपासून ठरवून आणली असावी. “तुमचा माझ्यावर राग असेल. असू दे. पण एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकून जायचंय. ताई म्हणाल्या घंटेचं मशीन बंद पडलं होतं. ते खरं आहे ना? त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं ना?”

सोपटाचे धागे डॉमनिकांच्या मांडीवरून खाली घसरले. त्यांनी मान वर करून पाहिले, पण संपदाकडे नाही, क्रिस्टिनाकडे.

क्रिस्टिनाजवळ सगळे तयार होते. करपलेला भात होता, बाराची घंटा होती, दोन किल्ल्या होत्या, इनास लोपीस यांची साक्ष होती. वाटेत तिने प्रश्नांचा क्रमसुद्धा लावला होता. समोर तिचा बाप दोरी धरून बसला होता आणि खुर्चीच्या कडेवर एक मुलगी एका ‘नाही’च्या आधारावर टेकली होती. क्रिस्टिनाने पर्स खांद्यावरून काढून कट्ट्यावर ठेवली. आतल्या कागदावरचा मजकूर तिला पाठ होता.

“खरं आहे,” ती म्हणाली. “सॉफ्टवेअरमध्ये आकस्मिक दोष उद्भवला. त्यामुळे घंटा होऊ शकली नाही.”

इतके स्वच्छ खोटे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. संपदाचे खांदे खाली आले. तिने पेला उचलला आणि पहिल्यांदाच पाणी प्यायली.

“मला एवढंच हवं होतं,” ती म्हणाली आणि उठली. “निघते, बाबा.”

“बस.”

आवाज इतका हलका होता की दोघींनाही तो कुणाचा, हे कळायला क्षण गेला. डॉमनिक उठायचा प्रयत्न करत होते. गुडघे वाकेनात, दोरी सोडून जमिनीला हात टेकला असता तर उठता आले असते, पण ते दोरी सोडेनात. शेवटी ते तसेच बसून राहिले.

“बस, बाय,” ते म्हणाले. संपदाला त्यांनी हाक मारली ती पहिलीच. “ती खोटं बोलते. तुझ्यासाठी बोलते न् माझ्यासाठी बोलते. इतके दिवस गाव तिला बोललं, मी ऐकत बसलो, तोंड नाय उघडलं.”

“पप्पा, राहू द्या,” क्रिस्टिना म्हणाली. संताप कुठल्या क्षणी हातातून निसटला, हे तिला समजले नाही. “आता राहू द्या.”

पण ते तिच्याशी बोलत नव्हते. दोरी मांडीवर घेऊन, त्या मुलीच्या तोंडाकडे पाहत, वाक्यावाक्याला थांबत, त्यांनी सांगितले ते असे:

“मशीन चांगलं होतं. किल्ली मी फिरवली. फादर तिथून बटन दाबनार न् माझ्या पोराची घंटा मशीन करनार, ते मला नको होतं. माझ्या आयची मी केली, रोझलीनची मी केली, बायको होती माझी, तरी हात नाय थांबला. म्हटलं याचीबी मीच करीन. दोरी तं काढलेली, म्हनून वर चढलो. हातोडा हातानं उचलला. म्हटलं आता मारू, मग मारू. खाली गाडी आली, बघितली. पेटी आत नेली, बघितली. देवळात शिरताना तू मागं वळून रस्त्याकडं बघत होतीस, तेबी बघितलं. दुपारभर हातोडा धरून बसलो, बाय. दोन वर्सं त्याच्याशी बोललो नव्हतो, बोलायचं होतं. पयला टोला मी मारला असता ना, तं तो मेला असता.”